नाकाचा चहा

पंख्याची पाती काळी होती. एरवी ते कळलं नसतं. स्वयंपाकघराच्या पलीकडच्या भिंतीत, छताला लागून, गोल भोकात तो फिरत होता आणि फिरताना त्याचं फक्त एक करडं वर्तुळ दिसत होतं. पण मध्येच वीज मंदावली, डोक्यावरचे काचेचे दिवे पिवळे पडले, आणि ते वर्तुळ सुटून त्याची चार पाती झाली. काळी, जाड, डांबरासारखी. मग वीज पुन्हा चढली, दिवे पांढरे झाले, पाती वर्तुळात विरघळली. सगळं मिळून दोन-तीन घास खाण्याइतका वेळ गेला असेल. माझ्या समोरच्या केळीच्या पानावर वाढपी भात वाढून गेला होता आणि त्यात सांबाराला जागा करण्यासाठी मी खळगा केला होता. तो खळगा तसाच राहिला. स्वयंपाकघरातल्या पंख्याला कुणी काळा रंग देत नाही. तिथे वाफ असते, तेल असतं, धूर असतो; आम्ल नसतं. आम्लापासून लोखंड वाचवायचं असेल तरच डांबरी रंगाचे तीन हात द्यावे लागतात, आणि ते तीन हात मी दिले होते. माझ्या हाताने, घोड्याच्या केसांच्या ब्रशने, कारखान्याच्या मागच्या ओट्यावर बसून.

"काय हिंदुराव, आवडलं नाही का?" अर्जुनराव म्हणाले. त्यांनी स्वतःच्या भातावर तूप वाढून घेतलं होतं आणि ते बोटांनी मन लावून कालवत होते. मी म्हटलं, आवडलं. सांबार ओतून घेतलं आणि पहिला घास तोंडात घातला. तो गरम होता.

काचेपलीकडचं स्वयंपाकघर जेवणाऱ्यांना दिसावं ही या हॉटेलची सगळ्यात मोठी ऐट होती. मुंबई-पुणे रस्त्यावर, चिंचवड स्टेशनच्या अलीकडे, जिथे दोन वर्षांपूर्वी बाभळी होत्या आणि आता बँकेची शाखा, विमा कंपनीची कचेरी आणि नव्या कारखान्यांच्या पाट्या आल्या होत्या, तिथे 'कावेरी भवन' उघडून आठवडा झाला होता. पिंपरी कॅम्पातले व्यापारी मोटारीने येत होते, देहूरोडचे लष्करी अधिकारी बायकांना घेऊन येत होते, आणि पुण्याचे लोकही मुद्दाम येतात असं अर्जुनराव सांगत. हिरव्या काचेची टेबलं, भिंतभर आरसा, हात धुवायला पांढरं भांडं आणि त्यावर तोटी, वर बायका-मुलांसाठी वेगळी खोली. मालकाला सगळे अण्णा म्हणत. उडपीकडचे, कडक इस्त्रीचं धोतर, कपाळावर बारीक गंध, ते प्रत्येक टेबलापाशी येऊन त्यांच्या मराठीत विचारत, "बरा आहे ना? अजून काय पायजे?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे जात. पण लोक पहिल्यांदा बघत ते खुर्च्यांकडे. वाकवलेल्या नळीच्या खुर्च्या, आरशासारख्या चकचकीत. त्यांवर बसणाऱ्या माणसाला आपलंच तोंड नळीत लांबट दिसे. त्या नळ्यांवरचं क्रोम आमच्या कारखान्यातलं होतं. म्हणून आज, सुट्टीच्या दिवशी दुपारी, अर्जुनरावांनी क्रोमच्या टाकीवरच्या सगळ्या माणसांना इथे जेवायला आणलं होतं. ज्योतीराम आणि भैरू आमच्या टेबलावर, आणखी चार-पाच जण शेजारच्या. आणि मी, त्यांचा केमिस्ट, बी.एस्सी., पगारी शहाणा.

हॉटेलात शिरताना भैरू दारातच थांबला होता आणि त्याने डोळे मिटून म्हटलं होतं, "आयला, काय वास सुटलाय." सगळे हसले होते. मीही हसलो होतो. मला वाटलं होतं, पंखा चांगला दिसतोय, वास ओढून बाहेर टाकतो.

क्रोमची टाकी दिसायला शांत असते. आत गडद तांबूस पाणी, त्यात टांगलेल्या नळ्या, वीज सोडली की नळ्यांच्या अंगाला बारीक बुडबुडे येतात. बुडबुडे वर येऊन फुटतात. फुटताना प्रत्येक बुडबुडा आपल्याबरोबर आम्लाचा एक थेंब उडवतो, इतका बारीक की तो खाली पडत नाही, हवेत तरंगतो. उन्हाची तिरीप आली तर टाकीवर पिवळसर धुकं दिसतं. ते नाकात जातं. पहिले काही दिवस नाक जळतं, गळतं, सकाळी रुमालावर पिवळं आणि तांबडं येतं. मग एके दिवशी जळायचं थांबतं. आमच्याकडे त्याला 'नाक बसलं' म्हणत. बैल गाडीला बसतो, चप्पल पायाला बसते, तसं नाक टाकीला बसतं. नाक बसलेला माणूस टाकीवर कायम होई. ज्याचं बसलं नाही तो पॉलिशच्या चाकावर नाहीतर पाण्याच्या हौदावर रोजंदारीनेच राही. त्याचा एक रिवाज होता. नव्या माणसाने सगळ्यांसमोर टाकीच्या काठाशी, तोंडाला फडकं न बांधता, एक घाणी, म्हणजे टाकीत टांगलेल्या नळ्यांची एक खेप, पुरी होईपर्यंत उभं राहायचं. शिंकला नाही, डोळे पुसले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. नाकाचा चहा. आणि चहा तोंडाला लावण्याआधी केमिस्टने म्हणायचं, "बसलं." ही केमिस्टची मेख माझ्या आधीच्या माणसाने बसवली की अर्जुनरावांनी, कुणालाच माहीत नव्हतं. पण मी म्हटल्याशिवाय कुणी चहा पीत नसे.

मार्चमध्ये मीही नाकाचा चहा पाजला होता. गंमत म्हणून नव्हे. खरंच अभिमान वाटला होता. कऱ्हाडहून आलेला, कॉलेजात काचेच्या नळ्या हाताळलेला मुलगा आता कामगारांच्या पंक्तीत बसला असं वाटलं होतं. ज्योतीरामने त्या दिवशी माझ्या पाठीवर थाप मारली होती. आणि त्याच आठवड्यात ज्योतीराम माझ्याजवळ येऊन श्वास घेत असताना मला एक बारीक शिट्टी ऐकू आली. त्याच्या नाकातून येत होती. मी म्हटलं, सर्दी झाली का? तो म्हणाला, "न्हाई, ती आपली घरचीच हाय. लोक म्हणत्यात, ज्योत्याची गाडी आली." मी त्याला उजेडात नेलं, मान वर करायला सांगितलं आणि आत पाहिलं. एका नाकपुडीतून पाहिलं तर दुसऱ्या नाकपुडीतला उजेड दिसला. मधला पडदा होता तिथे वाटाण्याएवढं भोक होतं, त्याच्या कडा स्वच्छ, गोल, जणू कुणी पंचने पाडलंय. दुखत नव्हतं. कधीच दुखलं नव्हतं. त्याला वाटत होतं सगळ्यांचं नाक आतून असंच असतं.

मी पुण्याला जाऊन कॉलेजच्या ग्रंथालयात दोन रविवार बसलो. तिथे सगळं लिहिलेलं होतं, चित्रांसकट. टाकीच्या काठाला फट ठेवायची, त्या फटीतून हवा ओढून घ्यायची, बाहेर सोडायची, एवढंच. पंखा, पत्र्याची वाट, आणि पंख्याला आम्ल खाऊ नये म्हणून डांबरी रंग. मी नकाशा काढला. अर्जुनरावांनी तो टेबलावर पसरून नीट पाहिला, एक चूकही काढली, पत्र्याचा कोपरा कुठे गळेल ते दाखवलं. त्यांना यंत्रातलं कळतं. ते सांगली भागातल्या एका खेड्यातून आले, पुण्यात बोळात सायकली दुरुस्त करत उभे राहिले, हाताला अजून ग्रीस असतं. माणसांना ते भावा म्हणतात आणि ते खोटं नसतं. ज्योतीरामची बायको शालनबाई बाळंत होणार होती तेव्हा त्यांनी स्वतःची मोटार पाठवली होती. त्यांनी मुंबईहून पंखा मागवला. खोका आला, मी तो उघडला, पंखा ओट्यावर ठेवून रंग दिला. तिसरा हात ओला असताना एका पात्याला माझा अंगठा लागला आणि ठसा उमटला. पुसावा असं वाटलं, मग पुसला नाही. आपलं काहीतरी राहावं असं वाटलं असेल. ज्योतीराम शेजारी बसून बघत होता. तो म्हणाला, आता टाकीवर वारा खेळणार म्हणजे आमी सायेब झालो. चार दिवसांनी पंखा ओट्यावर नव्हता. अर्जुनराव म्हणाले, मोटर जळकी निघाली, मुंबईला परत धाडलाय, बदलून येईल. मी विचारत राहिलो. दसरा गेला, दिवाळी गेली. शेवटच्या वेळी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "थोडा दम धरा हो हिंदुराव. नाक बसतं."

आता तो पंखा माझ्यासमोर फिरत होता. सांबाराची वाफ, तळणीचा धूर, फोडणी, सगळं त्याच्याकडे जात होतं, आज्ञाधारकपणे, माझ्या नकाशात बाण दाखवले होते तसं. जेवणाऱ्यांच्या डोळ्यांना काही लागू नये म्हणून. बाजूच्या आरशात मला मी दिसत होतो, वर दिवे, आणि दिव्यांच्या पलीकडे काचेतून उलटा दिसणारा तो पंखा. मला राग आला होता, पण रागाला अजून कुठे जायचं ते कळत नव्हतं. तो पोटात भाताच्या गोळ्यासारखा बसला होता. मी भात खात होतो. हीच गोष्ट मला जास्त संतापजनक वाटत होती, की मी खात होतो, की हात पानावरून तोंडाकडे बिनचूक जात होता. शेजारी ज्योतीराम वाढप्याला मीठ मागत होता. तिसऱ्यांदा. मिठाबरोबर त्याने लोणचं मागितलं, वर हिरवी मिरची मागितली. वाढपी अण्णांकडे बघायला लागला. ज्योतीराम म्हणाला, "रागावू नगा. झ्याक हाय सगळं. फकस्त चव न्हाई." मी त्याला एकदा समजावलं होतं, की जिभेला फार थोडं कळतं: खारट, आंबट, गोड, कडू. तिखट ही तर नुसती आग, ती नाकालाही कळते, वास मेलेल्या नाकालासुद्धा, कारण जळणं आणि वास घेणं ही नाकाची दोन वेगळी कामं आहेत. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, तो सगळा वास. नाक चिमटीत धरून कांदा आणि बटाटा खाऊन बघ, फरक कळणार नाही. तो म्हणाला होता, चिमटीत कशाला धरू? आणि आम्ही दोघं हसलो होतो. माझं हसणं मला आता आठवलं. स्वच्छ, सुशिक्षित हसणं.

भैरू माझ्या डाव्या हाताला बसला होता. चाकणच्या पुढच्या एका वाडीतला, पंचविशीचा, नवं लग्न झालेला. त्याची शेती भावाकडे, याच्या वाट्याला कारखाना. काल संध्याकाळी तो टाकीच्या काठाशी उभा राहिला होता. आजचं जेवण संपताना कॉफी येईल तोच त्याचा नाकाचा चहा, असं अर्जुनरावांनी मोटारीतच जाहीर केलं होतं. पैसे ते देणार, मान भैरूचा. भैरूने आज धुतलेला सदरा घातला होता आणि टोपी मांडीवर ठेवली होती. कायम झाला की कारखान्यामागच्या चाळीत त्याला खोली मिळणार होती. खोली मिळाली की तो गावाकडून अंबुबाईला आणणार होता; तिने म्हणे चूल कुठल्या कोपऱ्यात मांडायची तेही ठरवून टाकलं होतं, खोली न बघताच. हे त्याने मला काल सांगितलं होतं, काठाशी उभं राहून आल्यावर, मागच्या नळावर. आणि तिथेच मी पाहिलं होतं की तो करंगळीने नाकातून घट्ट झालेलं तूप काढतोय. तूप, त्यात चिंधी, दोन्ही नाकपुड्या गच्च भरलेल्या. तोंडाने श्वास घेत तो घाणी पुरी होईपर्यंत उभा राहिला होता. माझ्याकडे बघून तो ओशाळला नाही. फक्त म्हणाला, "सायेब, तुमी बसलं म्हणा. बाकी समदं मी बघतो." तुपाखालची चिंधी तांबडी होती. त्याचं नाक बसलं नव्हतं. म्हणजे ते अजून जिवंत होतं. अजून नाही म्हणत होतं.

मी त्याला हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. आज येताना ठरवलं होतं की म्हणेन. खोली, चूल, अंबुबाई. माझा एक शब्द. पण तेव्हा पंखा मुंबईत होता.

"अर्जुनराव," मी म्हटलं, "हा पंखा आपला आहे."

ते घास चावत होते. त्यांनी चावून पुरा केला, पाणी प्यायले, आणि हसले. चोरी पकडल्यासारखं नाही. आपला माणूस हुशार निघाला तर हसावं तसं. "ओळखलात. मी अण्णांना म्हटलंच होतं, आमचा केमिस्ट ओळखणार." मग त्यांनी सगळं उघडपणे सांगितलं. हॉटेलात त्यांची भागीदारी होती. उद्घाटनाच्या आधी चूल पेटवून पाहिलं तर फोडणीचा धूर थेट टेबलांवर, लोक ठसकायला लागले, मुंबईचा पंखा यायला दीड महिना, आणि हा दारात पडून होता. दुसरा मागवता येईल, मागवायचाच आहे. त्यात खोटं काय होतं, असं त्यांनीच विचारलं. मी म्हटलं, मोटर जळाली म्हणालात. ते म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." मी म्हटलं, ज्योतीरामच्या नाकाला भोक आहे. ज्योतीरामने वर पाहिलं, मग पुन्हा पानात. अर्जुनरावांचा आवाज खाली आला, समजुतीचा झाला, आणि मला तो आवाज सगळ्यात असह्य झाला. "भावा, असं बघा. इथं परकी माणसं बसतात. ती ठसकली की उद्या येत नाहीत. तिथं आपलीच आहेत. आपली माणसं सांभाळून घेतात. तुमचंही बसलंच की नाही शेवटी?"

मी काचेकडे वळलो. काचेपलीकडे आचाऱ्याने मोठी कढई चढवली होती आणि शेजारी सुक्या लाल मिरच्यांची परात ठेवली होती. चटणीच्या पुडीसाठी भाजायच्या असतील. कऱ्हाडला चैत्रात आई मिरच्या भाजायची. आधी वास यायचा, धुरकट, गोडसर, तव्यावरच्या लोखंडाचा आणि मिरचीच्या देठाचा, आणि तो वास आला की आम्हाला कळायचं की आता पळायचं. मग खाट यायची, डोळ्यांत-घशात झोंबणारा धूर. सगळी आळी ठसकत बाहेर ओट्यावर, म्हाताऱ्या शिव्या घालत, पोरं हसत, आई पदर तोंडाला धरून आत एकटीच परतत राहायची. मी पहिली मिरची कढईत पडताना पाहिली आणि तो वास मला लगेच आला. देठाचा, लोखंडाचा. अगदी तसाच. मग लक्षात आलं की मिरची नुसती पडली होती, कढई अजून तापायची होती, आणि मध्ये काच होती, आणि पंखा ओढत होता. तो वास कढईतून आला नव्हता.

अण्णा येऊन उभे राहिले. कॉफी आणू का, म्हणाले. अर्जुनरावांनी हात वर केला, शेजारच्या टेबलावरच्या माणसांनाही वळवून घेतलं, आणि म्हणाले की आज आपल्या भैरूचा चहा, पण चहा नाही, मद्रासची फिल्टर कॉफी, काळ बदलला. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, भैरू, आता बायकोची भाजी करपली तरी तू सुखी. पुन्हा हसले. भैरू मान खाली घालून हसला, आणि हसताना त्याने नाकाने श्वास आत ओढला, घाईने, ओलसर. "बोला हिंदुराव," अर्जुनराव म्हणाले. "बसलं म्हणायचं ना?"

भैरू माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत याचना नव्हती, व्यवहार होता. एवढं करा. मला बसलं म्हणता येत नव्हतं, आणि नाही बसलं म्हणणंही जमत नव्हतं, कारण नाही म्हटलं तर शिक्षा त्यालाच. अर्जुनराव, पंखा, टाकी, सगळं जिथल्या तिथे राहणार आणि एक चूल तेवढी मांडायची राहणार. दोन्ही उत्तरं त्यांची होती. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला माझं उत्तर असूच शकत नव्हतं. मी उठलो. भरल्या पानावरून उठलो. ज्योतीरामने माझी बाही धरली, पानावरून उठू नये साहेब, असं काहीतरी पुटपुटला. मी बाही सोडवून हात धुवायच्या भांड्यापाशी गेलो, तिथून आत जायचं दार होतं, दाराच्या चौकटीवर काळी बटणं होती. दोन दिव्यांची, एक जाड. उजवा हात उष्टा होता. मी डाव्या हाताने जाड बटण खाली केलं.

पंखा लगेच थांबला नाही. मोठं वर्तुळ, मग धूसर पाती, मग चार पाती एकामागून एक ओळीने येऊ लागली, आळसावत, आणि थांबली. तिसऱ्या पात्यावर, कडेला, माझा अंगठा होता. रंगात बुडालेला, आडवा, रेघान्‌रेघ दिसत होती.

मिरच्यांनी पेट घेतला होता. धूर छताला लागला, क्षणभर तिथे विचार केल्यासारखा फिरला, आणि दारातून बाहेर आला. आचारी ओरडला. वरच्या खोलीत एक मूल रडायला लागलं. पहिल्यांदा कोपऱ्यातल्या टेबलावरचे पिंपरीचे व्यापारी खोकले, मग आरशाजवळचा लष्करी माणूस, मग सगळेच. चकचकीत खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज, पाण्याचा पेला सांडला. माझ्या घशात काटे भरले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जळत होतं. नाकात खोल, वर कपाळापर्यंत जळत होतं आणि मला त्याचा विलक्षण आनंद झाला. चांगला माणूस नव्हतो मी त्या वेळी. अर्जुनराव टेबलाला धरून उभे होते, तोंड लाल, रुमाल नाकावर.

"बटण लावा," ते म्हणाले. "हिंदुराव, बटण. माणसं मरतील."

"थोडा दम धरा," मी म्हटलं. "नाक बसतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. पण कळून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला हवं होतं ते नव्हतं. ते नुसतं आश्चर्य होतं, घरातल्या कुणीतरी ताटावर थुंकावं आणि का ते समजू नये, तसं. अण्णा मला ढकलून पुढे आले, बटण वर केलं, कानडीत मला काहीतरी म्हणाले. पंखा पुन्हा फिरला. माझा अंगठा वर्तुळात गेला. धूर पाहता पाहता मागे वळला, दारातून आत, काचेआड, भिंतीतून बाहेर. नकाशातले बाण. यंत्र उत्तम होतं.

खोली निवळली तेव्हा सगळे भैरूकडे बघत होते. तो अजून शिंकत होता. एकामागून एक, थांबवता न येणाऱ्या शिंका, आणि प्रत्येक शिंकेसरशी पानावर, पांढऱ्या भातावर, तांबडे शिंतोडे पडत होते. त्याने टोपी नाकाला लावली, टोपी तांबडी झाली. त्यातच पिवळसर तुपाचा एक गोळा पानावर पडलेला होता, चिंधीसकट. एका नाकपुडीत कालचा बोळा राहून गेला होता तर. ज्योतीरामने त्याची मान मागे धरली, डोक्यावर पाणी थापलं. ज्योतीरामचेही डोळे वाहत होते, पण तो शांत होता आणि त्या शांततेत त्याची शिट्टी ऐकू येत होती, आत, बाहेर.

अर्जुनराव चिंधीकडे बघत राहिले. मग खाली बसले. त्यांचा आवाज पुन्हा जागेवर आला होता, आणि त्यात खरोखर कळवळा होता. "अरे भैरू. असं फसवायचं असतं का? तुझं बसलं नाही अजून. राहा पॉलिशला. पावसाळ्यात पुन्हा बघू." एवढं बोलून ते उठले आणि पिंपरीच्या व्यापाऱ्यांच्या टेबलाकडे गेले, हात जोडून, माफी मागायला.

मी माझ्या खुर्चीवर येऊन बसलो. दुसरं कुठे जायचं सुचलं नाही. भैरूला सांगावं असं फार वाटत होतं. की तुझं नाक वाचलं. की ते भोक पडलं की पुन्हा भरत नाही. की वाडीला परत जा, नाहीतर पॉलिशवर राहा पण टाकीवर नको. सगळं खरं होतं, ग्रंथालयात लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "भैरू, तुझ्या भल्यासाठी..." आणि माझाच आवाज मला अर्जुनरावांसारखा ऐकू आला. समजुतीचा, खाली आलेला.

"माज्या भल्याचं राहू द्या," भैरू म्हणाला. टोपी अजून नाकाला होती, त्यामुळे शब्द बोबडे येत होते. "तुमचं भांडाण त्यांच्याशी. खोली माजी गेली." मग तो म्हणाला, "पंखा बंद कराया तुमाला हात हाय. तिकडं लावाया न्हाई."

ज्योतीराम त्याला गप्प हो म्हणाला.  

वाढपी कॉफी घेऊन आला. सांगितलेली होती, म्हणून आली. पितळी पेले, खाली पितळी वाट्या, वर फेस. आमच्या टेबलावर कुणी हात लावला नाही. अजून कुणी 'बसलं' म्हटलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे लोकही हात मांडीवर ठेवून बसून होते. भैरूने टोपी खाली घेतली. रक्त थांबत आलं होतं. त्याने आपला पेला उचलला, तोंडाशी नेला, पण प्यायला नाही. नाकाखाली धरून राहिला. त्याचे डोळे हळूहळू मिटले. रक्ताने माखलेलं, सुजलेलं ते नाक एकदा रुंदावलं आणि सावकाश आत ओढू लागलं, आणि दारात आला होता तेव्हाचा तो चेहरा पुन्हा त्याच्यावर आला, नको असताना आला. मग त्याने डोळे उघडले आणि पेला माझ्यासमोर ठेवला. जोरात, कॉफी काचेवर हिंदकळली.

"घ्या सायेब. तुमचं तर बसलंय. तुमी कशाला लाजायचं."

मी पेला उचलला. सगळे बघत होते म्हणून उचलला. भैरूसारखाच नाकाखाली धरला. वाफ ओठांना लागली, नाकपुड्यांना लागली, ओली आणि ऊन. मी श्वास घेतला. पुन्हा घेतला, खोल, छाती भरेपर्यंत. कऱ्हाडच्या मिरच्या आठवल्या, देठ आठवला, लोखंड आठवलं. पेल्यातून काही आलं नाही. मी दारातून आत आलो तेव्हापासूनचं सगळं जेवण मागे जाऊन आठवलं: भात गरम होता, सांबार आंबट होतं, लोणचं खारट होतं.

मी कॉफी प्यायलो. गरम होती. आणि कडू.